अठराव्या अध्यायाचा एक दिवस

पहाटे ५

पंतनगरात या वेळी पाण्याचा पंप चालू असतो आणि हायवेवर ट्रक. बाकी सगळे झोपलेले. माझे टेबल खिडकीशी आहे. त्यावर मधोमध ग्रीक नवा करार, नेस्ले-आलांड यांच्या संहितेची २८वी आवृत्ती. डाव्या हाताला बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’, उजव्या हाताला पंडिता रमाबाईंचे भाषांतर. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणले आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापले गेले. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. आश्रमाचा एवढा पसारा सांभाळून, उतारवयात एका बाईने हे केले. त्याचा मला रोज सकाळी धाक वाटतो आणि आधारही.

माझे काम त्या मानाने लहान. नव्या कराराचे शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’, त्यातल्या १८व्या अध्यायावर मराठीत भाष्य लिहायचे आहे. कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्त झाले आणि तेव्हापासून हाच उद्योग.

आपल्या मंडळ्यांत प्रकटीकरण म्हटले की लोकांना श्वापद आठवते. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या आठवतात. ६६६ हा आकडा आठवतो. मला त्यात एक बाजारपेठ दिसते. १८व्या अध्यायात ‘महान बाबेल’ पडते. तिच्यासाठी ऊर बडवतात ते राजे, व्यापारी आणि जहाजांवरचे तांडेल. व्यापाऱ्यांचे दुःख सरळ आहे: मालाला आता गिऱ्हाईक उरले नाही. मग या पुस्तकाचा लेखक योहान तो माल मोजू लागतो. सोने, चांदी, रत्ने, मोती; तलम तागाचे कापड, जांभळे कापड, रेशीम, किरमिजी कापड; सुगंधी लाकूड, हस्तिदंती वस्तू, किमती लाकडाच्या वस्तू, कांसे, लोखंड, संगमरवर; दालचिनी, मसाले, धूप, गंधरस, ऊद; द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू; गुरे, मेंढरे, घोडे, रथ; आणि अगदी शेवटी माणसे. एकूण २८ नग.

माझ्यापुढे कागद चिकटवून केलेला एक लांबलचक तक्ता आहे, त्याला २८ ओळी. प्रत्येक ओळीला तीन रकाने: माल कुठून येई, त्या काळातला पुरावा काय, आणि आपल्या दख्खनमधून त्यातले काय गेले. पहिले दोन रकाने रिचर्ड बॉकम या इंग्रज अभ्यासकाने ‘द क्लायमॅक्स ऑफ प्रॉफेसी’ या १९९३च्या ग्रंथात फार निगुतीने भरून ठेवले आहेत. तिसरा मी भरते आहे.

बाबेल म्हणजे रोम, याविषयी बहुतेक अभ्यासकांना शंका नाही. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे पहिले मंदिर जाळले होते, दुसरे इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जाळले. त्या राखेतून लिहिणाऱ्या यहूदी लेखकांनी रोमला जुन्या वैऱ्याचेच नाव दिले. १७व्या अध्यायात ही बाबेल सात डोंगरांवर बसलेली बाई म्हणून येते. इ.स. ७१ मध्ये सम्राट वेस्पासियनने पाडलेल्या एका नाण्यावर रोमा देवी नेमकी तशीच सात टेकड्यांवर रेलून बसली आहे. सरकारने जे चित्र मिरवण्यासाठी नाण्यावर छापले, तेच योहानाने उचलले आणि तिच्या हातात किळसवाण्या गोष्टींनी भरलेला पेला दिला.

सकाळचा वेळ आज यादीच्या क्रमावर घालवला. यहेज्केलाच्या २७व्या अध्यायात सोर नगरीच्या व्यापाराची अशीच यादी आहे, ती योहानाच्या डोळ्यांसमोर होती हे उघड आहे. पण यहेज्केल देशवार सांगतो: अमुक देशाने हे आणले, तमुक देशाने ते. योहानाने देश गाळले आणि मालाचे गट पाडले. आधी जडजवाहीर, मग कापडचोपड, मग घर सजवायच्या वस्तू, सुगंधी द्रव्ये, खाणेपिणे, जित्राब, माणूस. माल कुणी दिला ते बाजूला पडले, तो कोण रिचवतो तेवढे पुढे आले. सगळे ओघ एकाच शहराकडे. मला वाटते, या अध्यायाचे सगळे म्हणणे या एका फेरफारात आहे, आणि म्हणून गाळलेले देश शोधून परत जागेवर ठेवणे हे भाष्यकाराचे पहिले काम.

सकाळी ८

दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाला डबा काट्यावर ठेवतो, आकडा बघतो, चिठ्ठी लावतो. ६व्या अध्यायात तिसरा शिक्का फुटला की काळा घोडा निघतो. स्वाराच्या हातात तलवार नाही, तराजू आहे. आणि एक आवाज भाव पुकारतो: एका दिनाराला एक माप गहू, एका दिनाराला तीन मापे जव, तेलाला आणि द्राक्षारसाला मात्र हात लावू नका.

हे माप म्हणजे ग्रीक खोइनिक्स, साधारण लिटरभर, एका माणसाचा दिवसाचा दाणा. दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे दिवसभर राबून एकट्याचे पोट गव्हाने भरेल. बायकापोरांनाही खायला घालायचे तर जवावर भागवा. हा भाव किती भयंकर होता हे सांगणारा एक शिलालेख पिसिदियातल्या अंत्युखियाला सापडला आहे. इ.स. ९२-९३च्या सुमाराचा, म्हणजे प्रकटीकरण लिहिले गेले असे बहुतेक जण मानतात त्याच्या आसपासचा. कडक हिवाळ्याने टंचाई पडली, धान्य दडवले जाऊ लागले, तेव्हा अँतिस्तियस रुस्तिकस या प्रांताधिकाऱ्याने फर्मान काढले: टंचाईच्या आधी एका मोदियसला ८ ते ९ आस भाव होता, आता कुणीही एका दिनारापेक्षा जास्त घेऊ नये. १६ आस म्हणजे एक दिनार, आणि एका मोदियसमध्ये खोइनिक्स बसतात आठ. योहानाचा भाव या दुष्काळी कमाल दराच्या आठपट आणि नेहमीच्या दराच्या जवळजवळ सोळापट पडतो. हा हिशेब मी भाष्यात पायरीपायरीने मांडला आहे, कारण काळ्या घोड्यावरची प्रवचने पुष्कळ ऐकली. त्यांत गव्हाच्या भावाचा उल्लेख क्वचितच असतो.

तेल आणि द्राक्षारस का वगळले? काही अभ्यासक इथे दोमितियनच्या इ.स. ९२च्या हुकमाकडे बोट दाखवतात, प्रांतांतल्या निम्म्या द्राक्षवेली तोडण्याच्या. मला हा धागा बारीक वाटतो. सुएतोनियस स्वतःच सांगतो की सम्राटाने तो हुकूम पुढे रेटला नाही. त्यापेक्षा साधी गोष्ट पटते: बड्या जमीनदारांनी नगदी पीक म्हणून वेली आणि जैतून लावले होते. टंचाईत त्यांचे काही बिघडत नाही. गहू विकत घेऊन खाणाऱ्याचे घर बसते. आपल्याकडे उसाचे मळे आणि कोरडवाहू ज्वारी शेजारीशेजारी पाहिलेल्या वाचकाला याहून अधिक टीप नको.

साडेनऊ

घाटकोपर स्टेशन. मेट्रोतून उतरणारा लोंढा पुलावर आडवा येतो, २०१४ पासून हे रोजचेच. सीएसएमटीची धीमी लोकल पकडली आणि शीवपर्यंत उभीच होते. बसायला मिळाल्यावर दानीएलाचा ७वा अध्याय काढला. समुद्रातून चार श्वापदे निघतात: सिंहासारखे, अस्वलासारखे, चित्त्यासारखे, आणि चौथे कशासारखेच नाही, लोखंडी दातांचे, दहा शिंगांचे. चार राज्ये, एकामागून एक. प्रकटीकरणाच्या १३व्या अध्यायात समुद्रातून एकच श्वापद येते. अंग चित्त्याचे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे, शिंगे दहा. दानीएलाची चारही साम्राज्ये योहानाने एका जनावरात कोंबली. तो ‘जसे लिहिले आहे’ असे म्हणून जुना करार कुठे उद्धृत करत नाही. पानापानांत विरघळवून टाकतो. म्हणून दानीएल शेजारी उघडल्याशिवाय हे पुस्तक वाचू नये, असे मी सगळ्यांना सांगते.

दानीएलाच्या पुस्तकाला आज जे रूप आहे ते इ.स.पू. १६७ ते १६४ या काळात आले, असे बहुतेक संशोधक मानतात. अंत्युख एपिफानेस या ग्रीक राजाने यरुशलेमच्या मंदिरात स्वतःची पूजाव्यवस्था घुसडली, तेव्हाचे ते. अशा ग्रंथांचा जन्म बहुधा अशाच वेळी होतो. हाती सत्ता नसलेल्या माणसांवर देवाचे नाव टाकून राजाचे नाव घेण्याची सक्ती होते, तेव्हा त्यांच्यातला कुणीतरी इतिहास वरून, आकाशाच्या उंचीवरून पाहू लागतो.

अकरा

फोर्टात, मुंबई समाचार मार्गावर के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे; खर्शेदजी रुस्तमजी कामा यांच्या स्मरणार्थ १९१६ साली सुरू झालेले. प्रारंभीच्या ख्रिस्ती साहित्याची पार्श्वभूमी शोधायला पारशी ग्रंथालयात का जायचे, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. उत्तर इथे टेबलावर आहे: बेहरामगोर तहमुरस अंकलेसरिया यांनी संपादित केलेला ‘झंद-इ वोहुमन यस्न’, मुंबई, १९५७. संपादक हयात नसताना छापलेला ग्रंथ.

त्यात अहुरमझ्द झरथुष्ट्राला एक झाड दाखवतो. झाडाला चार फांद्या: एक सोन्याची, एक रुप्याची, एक पोलादाची, एक लोखंड मिसळलेली. चार फांद्या म्हणजे येणारे चार काळ, उतरत्या क्रमाने. आता दानीएलाचा २रा अध्याय घ्या. नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातली मूर्ती: डोके सोन्याचे, छाती रुप्याची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे आणि पावलांत लोखंडात माती मिसळलेली. दोन्हीकडे शेवटचा धातू भेसळीचा. हे साम्य पाहून भल्याभल्यांनी लिहून टाकले की यहूद्यांनी ही कल्पना इराणातून घेतली. शेवटी दोन शतके ते इराणी साम्राज्यात राहिलेच होते.

मी इतक्या झटकन सही करणार नाही. आपल्यापुढे असलेला पहलवी ग्रंथ दानीएलाच्या पुष्कळ शतकांनंतरचा आहे, अरबांनी इराण जिंकल्याच्या खुणा त्यात आहेत. आतला गाभा जुना असेलही, पण ‘असेल’वर इमारत उभी राहत नाही. ग्रीक कवी हेसिओद त्याही आधी सोने-रुपे-कांसे-लोखंड या युगांची भाषा बोलला होता. आणि आपल्याला कृत, त्रेता, द्वापर, कली माहीतच आहेत. कलियुगाच्या शेवटी पांढऱ्या घोड्यावरचा कल्की, प्रकटीकरणाच्या १९व्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार. हे साम्य दाखवणारी मुले वर्गात नेहमी भेटायची. मी त्यांना म्हणे, फरक बघा. आपली युगे फिरून येतात. दानीएलाची मूर्ती एका धोंड्याने फुटते ती कायमची, तिची पुन्हा पाळी नाही. आणि दानीएलाचे धातू म्हणजे नुसता काळ नव्हे, ती नावनिशीची साम्राज्ये आहेत. शेवट एकदाच आणि तो सत्तेचा, हा या साहित्याचा कणा. साम्य मोहक असते. फरकात ग्रंथ भेटतो.

आज त्या झाडाचा उतारा लिप्यंतरासह उतरवून घेतला. वाचनालयात अंकलेसरियांची आवृत्ती हातात येते तेव्हा एक गोष्ट मनाला लागते. जगभरचे बायबल-अभ्यासक इराणी पार्श्वभूमीसाठी ज्या ग्रंथाकडे वळतात तो आपल्या मुंबईत, एका पारशी पंडिताने उभा केला. मराठीत मात्र त्याची वार्ताही नाही.

दीड

डबा हॉर्निमन सर्कलच्या बागेत. जेवता जेवता ठाण्याच्या मैत्रिणीचा फोन, ती बेने इस्राएल. “अगं, रविवारी घरी मलिदा आहे, यायचंस. आणि तुझ्या त्या पुस्तकातला एलियाहू बरोबर आणू नकोस, आमचा आम्हाला पुरे!” मी हसले. पण तिच्या बोलण्यात प्रकटीकरणाच्या ११व्या अध्यायावरची माझी एक टीप दडलेली आहे. कोकणच्या या मराठी यहूद्यांची एलियाहू हन्नबीवर केवढी श्रद्धा! अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, नवस फेडायला मलिदा करतात. मशीहाच्या आधी एलियाहू येणार ही मलाखीच्या पुस्तकापासूनची आशा. प्रकटीकरणातल्या दोन साक्षीदारांच्या तोंडून अग्नी निघतो, ते आकाश बंद करून पाऊस थांबवू शकतात, हा एलियाहूच. ज्या यहूदी आशेतून योहान लिहितो ती घाटकोपरहून सहाव्या स्टेशनावर अजून मराठी बोलते, पोह्यांत गूळ-खोबरे कालवून ताटात वाढते.

उरलेला अर्धा तास हनोखाच्या पुस्तकाला. आकाशातल्या वाऱ्या, पतन पावलेले दूत, सिंहासनासमोरचा निवाडा, सगळे त्यात योहानाच्या आधीपासून आहे. युरोपला हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. जेम्स ब्रूसने १७७३ साली इथिओपियातून त्याच्या प्रती नेल्या. तिथल्या मंडळीने तो कधी टाकलाच नव्हता, आजही त्यांच्या शास्त्रात तो आहे. पुढे मृत समुद्राच्या काठी कुमरानच्या ४थ्या गुहेत त्याचे मूळ अरामी तुकडे निघाले, मिलिक यांनी ते १९७६ साली छापले. गरीब देशाच्या मंडळीने जपले म्हणून विद्वानांना मिळाले. ही गोष्ट मी सांगायची सोडत नाही.

साडेतीन

परत घरी. आता तक्त्यातली हस्तिदंताची ओळ.

टेबलावर दोन छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवली आहेत. पहिले पोंपेईचे: वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्री, अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. १९३८ साली ती उत्खननात मिळाली, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती राखेखाली गेली. दुसरे छायाचित्र जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचे. तिथेही अशीच हस्तिदंती मूर्ती निघाली, मोडलेली. दागिन्यांची आणि दासींची ठेवण पाहिली की दोघी एकाच परंपरेच्या हे कुणालाही कळावे. धाराशिवच्या तेरलाही याच कुळातली एक मूर्ती सापडली आहे.

मी भिंग घेऊन दोघींच्या पायांतले वाळे पाहते. घोट्यापासून पोटरीपर्यंत चढत गेलेली वळी, एकावर एक. हे वाळे घडवणारा कारागीर सातवाहन काळातल्या एखाद्या पेठेत बसला होता. त्याने कोरलेली किंवा त्याच्या हातच्यासारखी एक वस्तू बैलगाडीने, मग गलबताने इटलीतल्या एका घरात पोचली. आणि ते घर गाडले गेल्यानंतर पंधरा-वीस वर्षांत पात्म बेटावरचा योहान बाबेलच्या मालात लिहितो: हस्तिदंती वस्तू.

त्या वाटेचे वर्णन आपल्याकडे आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेले ‘पेरिप्लस’. त्यात पैठण आणि तेर या गावांहून गाड्यांतून माल भडोचला येतो. पैठणहून गोमेदासारखे खडे, तेरहून जाडेभरडे आणि तलम कापड. किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे नावानिशी येतात. कल्याणविषयी तर एक तक्रारच आहे: पूर्वी इथे रीतसर पेठ होती, आता सत्ताबदलानंतर अडवणूक होते, चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेतात. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, ते याच पेठेच्या भरभराटीचे. प्लिनी रोममध्ये बसून कुरकुरतो की हिंदुस्थान दरवर्षी आपले ५ कोटी सेस्टर्स खेचून घेतो; तो प्लिनीही व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला.

तिसरा रकाना भरताना हात आखडता ठेवावा लागतो. आपले प्रसिद्ध कापड सुती, योहानाचे तागाचे; संबंध लावायचा नाही. दालचिनी रोमला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मिळे. तिचे मूळ गाव मी आपल्याकडे ओढणार नाही. काळी मिरी, जिच्यासाठी जहाजे मलबारला येत, ती यादीत नाहीच. रत्नांपुढे पैठण लिहिते, हस्तिदंतापुढे भोकरदन, तेर. एवढे पुरेसे आहे. या अध्यायातले व्यापारी आणि तांडेल कुणी लांबचे परके नव्हते. त्यांच्यातल्या काहींनी आपल्या खाडीचे पाणी पाहिले होते.

साडेसात

मंडळीतला अभ्यासवर्ग आमच्याच हॉलमध्ये भरतो. आज दहा-बारा जण. दारातच एका तरुणाने मोबाइल पुढे केला. “सलाम, बाई. हे बघा, आता हातात चिप बसवणार म्हणे. ६६६ हाच ना?” त्याच्या आवाजात खरी काळजी होती. त्याच्या आईने हा संदेश वाचल्यापासून जेवण सोडले होते.

मी फळ्यावर हिब्रू अक्षरे मांडली. हिब्रूत अक्षरेच आकड्यांचे काम करतात, म्हणून प्रत्येक नावाची बेरीज होते. नीरो कैसर, म्हणजे ‘नरोन कसर’: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज तुम्हीच करा, म्हटले. त्याने केली. ६६६. हे लेखन मी सोयीसाठी जुळवलेले नाही. यहूदियाच्या वाळवंटात मुरब्बआतला नीरोच्याच कारकिर्दीतला एक अरामी दस्तऐवज मिळाला, त्यात नाव असेच लिहिले आहे. आता लॅटिन पद्धतीने शेवटचा नून काढून टाका. ६१६. आणि ऑक्सिऱ्हिंकसला सापडलेल्या प्रकटीकरणाच्या एका फार जुन्या पपायरसवर आकडा ६१६च आहे. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसलाही अशा प्रती ठाऊक होत्या, तो त्या चूक ठरवतो. एकाच नावाची दोन लेखने दोन्ही आकडे सोडवतात, यापेक्षा चांगला उलगडा माझ्या पाहण्यात नाही. नीरो इ.स. ६८ मध्ये मेला, पण तो परत येणार ही अफवा आशिया प्रांतात कितीतरी वर्षे जिवंत होती, तोतये नीरोही उठले होते.

“म्हणजे आपल्याला घाबरायचं कारण नाही?” कोपऱ्यातल्या मावशींनी विचारले. लहानपणी शब्बाथ शाळेत शेवटच्या दिवसाची चित्रे पाहून त्या रात्ररात्र जाग्या राहत.

“मावशी, आकड्याला घाबरू नका. पण त्याच्या आधीच्याच वचनात काय आहे ते वाचा,” मी म्हटले. ती खूण नसेल त्याला विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही. थुवतीरा, पर्गम, इफिस या शहरांत धंदा करायचा तर कारागिरांच्या संघात असावे लागे, संघाच्या मेजवान्या देवळांत होत, आणि पर्गमला तर सम्राटाचे देऊळ इ.स.पू. २९ पासूनचे. बाजारात उभे राहायचे तर राजाला देव म्हणा. योहानाचा झगडा हा आहे. त्या तरुणाने मोबाइल खिशात ठेवला आणि वचन पुन्हा वाचले. नंतर तासभर कुणी चिपचे नाव काढले नाही. आपण रोजीरोटीसाठी कुठे मान तुकवतो यावर मात्र घरचे बोलावे तसे सगळे बोलले. आमच्या मजल्यावरचे मल्याळी शेजारी म्हणाले, आमच्या जुन्या सुरियानी परंपरेत हे पुस्तक वाचल्याचे आठवत नाही. खरेच आहे. सुरियानी बायबलात, पेशित्तात, प्रकटीकरण मुळात नव्हते, आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांनी ते स्वीकारायला फार वेळ घेतला. आलेक्झांद्रियाच्या दिओनिसियसने तर तिसऱ्या शतकातच सांगून टाकले होते की शैली पाहता शुभवर्तमान लिहिणारा योहान हा नव्हे. अभ्यासाला श्रद्धेचा शत्रू समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, दिओनिसियस बिशप होता.

साडेदहा

भांडी आवरून पुन्हा टेबलाशी. २८वी ओळ उरली होती: माणसे. योहान लिहितो ‘शरीरे’, आणि लगेच जोडतो ‘माणसांचे जीव’. ‘शरीरे’ हा गुलामांसाठी बाजारातलाच शब्द. थुवतीराला एक शिलालेख मिळाला आहे; तो गुलामबाजारातल्या लोकांनी आणि ‘शरीरांच्या’ दलालांनी उभारलेला. योहानाने ज्यांना लिहिले त्या सात मंडळ्यांपैकी एक थुवतीराची. तिथे हे पत्र मोठ्याने वाचले गेले तेव्हा ऐकणाऱ्यांत त्या बाजारात विकली गेलेली माणसे असतीलच.

तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे? दख्खनमधून गेलेले असे माझ्याकडे काही नाही. पण ‘पेरिप्लस’चे भडोचचे प्रकरण पुन्हा उघडले, तर राजासाठी बाहेरून येणाऱ्या मालात चांदीची भांडी, उंची द्राक्षारस, गाणारी मुले आणि जनानखान्यासाठी रूपवान मुली. तिथे ज्या राजाचे नाव येते तो नहपान असे बहुतेक मानतात. नाशिकच्या पांडवलेण्यात ज्याच्या जावयाच्या दानधर्माचे लेख आपण कौतुकाने वाचतो तोच. म्हणजे या शेवटच्या नगाचे गिऱ्हाईक इकडेही होते.

तक्त्याला चौथा रकाना आखला: दख्खनमध्ये काय आले. पहिली नोंद २८व्या ओळीपुढे केली. आता बाकीच्या ओळी याही अंगाने तपासायच्या, उद्या द्राक्षारसापासून. ‘पेरिप्लस’ म्हणतो की भडोचला इटलीची दारू जास्त खपे आणि लावदिकीयाचीही. हे लावदिकीया सीरियाच्या किनाऱ्यावरचे, योहानाने ज्याला कोमट म्हटले ते नव्हे, ही टीप आधी घालायची. मग रोमन दारूच्या रांजणांचे तुकडे कुठेकुठे सापडले त्यांची नोंद: नेवासे, जुन्नर, तेर, घारापुरी.